घसरत्या चाकाला लगाम

आषाढात भंडारा जिल्ह्यात कुठेही जा, लाखांदूर असो वा पवनी, धानाच्या बांध्यांमध्ये चिखलणीसाठी ट्रॅक्टर उतरलेले दिसतात. केजव्हील लावलेला असा एखादा ट्रॅक्टर मध्येच रुततो. मागचे एक चाक जागच्या जागी गरगरते, चिखल उडवते. दुसरे मात्र ढिम्म हलत नाही. मग चालक पायाजवळची कळ दाबतो, दोन्ही चाके एकदम फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. ही कळ म्हणजे डिफरन्शियल लॉक. शर्यतीच्या भरधाव मोटारीला अशी कळ दाबायला सवड कुठली? तिथे हे काम आपोआप व्हावे लागते. ते करून घेणारा माणूस म्हणजे फर्डिनांड पोर्श.

आधी दुखणे समजून घेऊ. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी दोहोंच्या मध्ये बसवतात. हे डिफरन्शियल. गडेगावच्या अशोक लेलँड कारखान्यात काम करणाऱ्याच्या घरात हा शब्द नवा नसेल. पण त्याचा स्वभाव विचित्र आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देते. एका चाकाची पकड सुटली, की त्याला पेलेल तेवढाच क्षीण जोर दुसऱ्यालाही मिळतो. इंजिन कितीही ताकदीचे असो, ती ताकद वाया जाते.

पोर्शचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावी झाला. हा भाग आता चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर, आणि मुलानेही तेच करावे अशी त्यांची इच्छा. मुलाला मात्र विजेचे वेड. १८९३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने स्वतःच्या हाताने घरात विजेचे दिवे लावले. मग तो व्हिएन्नाला एका विद्युत कंपनीत गेला. फावल्या वेळात तो तिथल्या तांत्रिक विद्यापीठाच्या वर्गांत गुपचूप जाऊन बसे. पदवी त्याने कधीच घेतली नाही. पुढे त्याच विद्यापीठाने त्याला सन्मानाने डॉक्टरेट दिली, हा नियतीचा खेळच म्हणायचा!

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची लोनर-पोर्श मोटार झळकली. पुढच्या प्रत्येक चाकाच्या तुंब्यातच विजेची स्वतंत्र मोटर होती. मधे ना साखळी, ना गिअर, ना डिफरन्शियल. ज्या यंत्राला पुढे त्याला वेसण घालायची होती, ते त्याने उमेदीच्या काळात चक्क वगळलेच होते. नंतरची नोकऱ्यांची वर्षे भराभर सांगता येतील : १९०६ पासून ऑस्ट्रो-डाइमलर, १९२३ पासून स्टुटगार्टची डाइमलर आणि १९३१ मध्ये त्याच शहरात स्वतःचे अभिकल्प कार्यालय.

या कार्यालयाने ऑटो युनियन कंपनीसाठी शर्यतीची मोटार आखली. सोळा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे! १९३६ पर्यंत त्याची ताकद ५२० अश्वशक्तीवर गेली. त्या काळच्या अरुंद टायरना एवढा जोर झेपेना. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगालाही मागचे एखादे चाक पकड सोडून गरगरे. १९३५ साली पोर्शने फ्रीड्रिक्सहाफेनच्या झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीकडे काम सोपवले. कंपनीने उंचवटे असलेल्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांच्या मधे सरकते लहान ठोकळे बसवले. एक चाक फाजील वेगाने पळू लागले, की ठोकळे कड्यांमध्ये आवळले जातात, घर्षण वाढते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. वळणावर फरक हवा तेवढा मिळतो, उधळण मात्र होत नाही. १९३६ चे युरोपीय अजिंक्यपद बेर्न्ड रोझमेयरने ऑटो युनियनच्याच मोटारीतून पटकावले. जानेवारी १९३८ मध्ये वेगाचा विक्रम करताना तो गेला.

अशी डिफरन्शियल आज बाजारात मिळतात, आणि हौशी मंडळी आपल्या गाडीत ती घरीच बसवतात. मात्र ही हौस स्पॅनर-पान्यांवर भागणारी नाही. जुन्या जुळणीवरचे क्राउन व्हील काढून नव्यावर बसवायचे, बेअरिंग नेमके आवळायचे, पातळ चकत्या घालून पिनियन आणि क्राउनच्या दातांमधली फट मिलिमीटरच्या शतांशात जुळवायची आणि दातांना रंग लावून ते कुठे टेकतात ते पाहायचे. फट चुकली तर गाडी कण्हू लागते, आणि दात उडाले की हौस महागात पडते.

पोर्शची कथा मात्र इथे काळी पडते. ऑटो युनियनच्या शर्यतींना हिटलरच्या राजवटीचा पैसा होता. १९३४ मध्ये त्याच राजवटीने त्याला सामान्यांच्या मोटारीचे काम दिले आणि १९३७ मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. आठवड्याला पाच मार्कची तिकिटे चिकटवत तीन लाखांहून अधिक जर्मन लोकांनी या मोटारीसाठी पैसे साठवले. युद्ध लागले आणि त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धकाळात फोक्सवॅगनच्या कारखान्यात बहुसंख्य कामगार सक्तीने आणलेले होते, त्यांत छळछावण्यांतले कैदीही होते. पोर्श त्या कारखान्याच्या कारभारात होता, रणगाडेही आखत होता. तो केवळ तंत्रात रमलेला भोळा माणूस होता, हे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे पटत नाही. ज्याला फिरत्या चाकाची बारीकशी घसरण दिसत होती, त्याला ही माणसे दिसली नसतील कशी?

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्याला अटक केली. सुमारे वीस महिन्यांच्या कैदेने प्रकृती खालावली. १९४८ मध्ये मुलगा फेरीच्या देखरेखीखाली पोर्श नावाची पहिली मोटार तयार झाली. १९५० च्या अखेरीस तो व्होल्फ्सबुर्गला गेला, तेव्हा रस्त्यावर त्याने आखलेल्या छोट्या गोल गाड्या धावत होत्या. ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टला त्याचे निधन झाले.

पोर्शचे जन्मस्थान म्हणून गौरव करणाऱ्या पाट्या त्याच्या गावात लागल्या होत्या. नाझी संबंधांवरून तक्रारी आल्या आणि २०१३ साली गावाने त्या उतरवल्या.