तह जिंकणारा सेनानी : महादजी शिंदे

उत्तर पेशवाईतील सर्वांत प्रबळ सरदार म्हणून महादजी शिंदे यांचे नाव घेतले जाते. पानिपत, वडगाव, दिल्ली ही त्यांच्या लष्करी कारकिर्दीतील ठळक ठिकाणे. परंतु त्यांना सर्वांत मोठे यश मिळाले ते लागोपाठच्या दोन पराभवांनंतर, तहाच्या वाटाघाटीत. सेनापतीला रणनीतीइतकीच राजनीतीची जाण का हवी, हे त्यावरून उमगते.

महादजी हे राणोजी शिंदे यांचे पुत्र. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर शिंदे घराण्याची मोठी हानी झाली. महादजींच्या पायाला जबर जखम झाली आणि राणेखान नावाच्या पखालजीने त्यांचे प्राण वाचवले. महादजी जन्मभर लंगडत चालले. राणेखानास मात्र त्यांनी भाऊ मानले आणि पुढे सैन्याचे नेतृत्व दिले. घराण्याच्या वारशाचा वाद काही वर्षे चालला. सरदारकी महादजींच्या हाती आली ती माधवराव पेशव्यांच्या काळात. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेत राहणाऱ्या शाह आलम बादशहाला जानेवारी १७७२ मध्ये पुन्हा राजधानीत आणले. या घडामोडीत महादजींचा वाटा मोठा होता. बादशहाकडे सत्ता उरली नसली, तरी त्याच्या शिक्क्याची किंमत उरली आहे, हे त्यांनी ओळखले.

रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांचे सैन्य बोरघाट चढून पुण्याकडे निघाले. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी त्याला वडगाव येथे कोंडले. साष्टीसह जिंकलेला मुलूख परत करण्याचे कबूल करून इंग्रजांनी सुटका करून घेतली. रघुनाथराव महादजींच्या ताब्यात आले. विजय निर्विवाद होता. पण सैन्य सुखरूप मुंबईला पोहोचल्यावर इंग्रजांनी हा तह धुडकावला. रघुनाथरावही निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. युद्ध नव्याने पेटले. तह पाळण्यास शत्रूला भाग पाडणारे काहीच हाती नसेल, तर रणांगणावरील यश कागदावरच राहते, हा वडगावचा धडा होता.

पुढची दोन वर्षे महादजींना प्रतिकूल गेली. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने ग्वाल्हेरचा अभेद्य मानला गेलेला किल्ला रात्रीच्या अंधारात शिड्या लावून घेतला. १७८१ मध्ये कर्नल कॅमकच्या सैन्याने त्यांच्या छावणीवर रात्री छापा घालून तोफा नेल्या. अशा वेळी दुसरा सेनापती एक तर हट्टाने लढत राहिला असता किंवा शरण गेला असता. महादजींनी इंग्रजांची अडचण हेरली. दक्षिणेत हैदर अलीने कर्नाटकात मुसंडी मारली होती आणि दोन आघाड्यांवर लढणे वॉरन हेस्टिंग्जला परवडणारे नव्हते. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींनी कर्नल म्यूरशी समेट केला आणि आपण मध्यस्थी करू, असे कळवले.

त्यातून १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. पण पुरंदरच्या तहानंतर त्यांनी घेतलेला बहुतेक मुलूख परत मिळाला आणि त्यांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला. भडोच महादजींना मिळाले. दोन्ही पक्ष तह पाळतील, याचे जामीन म्हणून महादजींचेच नाव त्यात आले. वडगावच्या तहात जी उणीव होती, ती येथे भरून निघाली. पराभूत सरदार आता पुणे आणि कलकत्ता यांच्यामधला दुवा ठरला. नाना फडणीस यांना हे रुचले नाही. मराठ्यांचा मित्र हैदर या तहामुळे एकाकी पडत होता. त्यांनी मान्यता लांबवली आणि हैदरच्या मृत्यूनंतरच तह पक्का झाला.

इंग्रजांकडून निर्धास्त झालेल्या महादजींनी उत्तरेकडे लक्ष वळवले. डिसेंबर १७८४ मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद बहाल केले. महादजींनी ते पेशव्यांच्या नावे घेतले आणि स्वतःकडे नायबपण ठेवले. सत्ता त्यांची आणि मान पेशव्यांचा, अशी ही मांडणी होती. जोडीला द बॉइन या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत बादशाही फौजा शत्रूला मिळाल्या आणि माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी गुलाम कादिरने दिल्लीत शिरून बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजांनी ऑक्टोबर १७८८ मध्ये दिल्ली परत घेतली, आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे द बॉइनच्या पलटणींनी राजपूत फौजांचा पराभव केला.

१७९२ मध्ये ते पुण्यास आले. तरुण सवाई माधवराव पेशव्यांना बादशाही पदाची वस्त्रे अर्पण करताना त्यांनी स्वतःस गावचा पाटील म्हणवले, पेशव्यांचे जोडे हाती धरले, असे इतिहासकार सांगतात. या नम्रतेमागे हिशेबही होता. मोहिमांच्या खर्चावरून नानांशी वाद होता आणि तरुण पेशव्यांचे मन वळवायचे होते. याच काळात, १७९३ मध्ये, लाखेरी येथे शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. इंग्रजांशी जमवून घेणाऱ्या मुत्सद्द्याला होळकरांशी मात्र जुळवता आले नाही, ही त्यांच्या राजकारणाची उणी बाजू होय. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांचे निधन झाले. तेथे आज शिंदे छत्री उभी आहे.

महादजींनी उभारलेले सैन्य मागे राहिले, ते सांभाळणारी राजनीती मात्र त्यांच्याबरोबर संपली. बादशहा, पेशवे आणि इंग्रज या तिघांशी बोलणारा दुवा ते स्वतःच होते आणि त्यांची जागा घेणारे कोणी तयार झाले नव्हते. सप्टेंबर १८०३ मध्ये दिल्ली आणि नोव्हेंबरमध्ये लासवारी येथे त्याच कवायती पलटणींचा लेकच्या इंग्रज फौजेने पराभव केला. पलटणी शौर्याने लढल्या. पण त्यांचे प्रमुख युरोपीय अधिकारी आधीच साथ सोडून गेले होते आणि होळकर अलिप्त राहिले होते. अवघ्या नऊ वर्षांत दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली.