काबागृहाच्या छतावर बिलाल

रमजानमध्ये सहेरी कधी थांबवायची, हे आज घड्याळ आणि मशिदीचे छापील वेळापत्रक सांगते. प्रेषितांच्या काळी मदिनेत ते काम दोन माणसांच्या आवाजावर चाले. रात्र सरत आली की पहिली अजान हजरत बिलाल (रजि.) देत. ती झोपलेल्यांना उठवण्यासाठी असे, म्हणून तिच्यानंतरही खाणेपिणे चालू राही. दुसरी अजान हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) देत, आणि मग घास थांबत. यांतले एक हबशी, पूर्वीचे गुलाम. दुसरे अंध, पहाट झाल्याचे त्यांना इतरांनी सांगावे लागे. जिथे माणसाची किंमत कुळावरून ठरत आली होती, तिथे साऱ्या गावाचा रोजा या दोघांच्या हवाली केलेला होता.

बिलाल यांच्या वडिलांचे नाव रबाह, आईचे हमामा. आई हबशी, आजच्या इथिओपियाकडची. मालक उमय्या बिन खलफ हा मक्केतल्या कुरैश टोळीचा बडा सरदार. इस्लाम स्वीकारणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत बिलाल होते. भर दुपारी तापलेल्या वाळूवर त्यांना उताणे पाडून छातीवर दगड ठेवला जाई, आणि ते मात्र ईश्वर एकच असल्याचे म्हणत राहत. ही हकीकत बहुतेकांनी ऐकलेली असते. पण हा छळ नेमका त्यांच्याच वाट्याला का आला, याकडे फारसे कुणी पाहत नाही. प्रेषितांच्या पाठीशी चुलते अबू तालिब होते, हजरत अबूबकर (रजि.) यांच्या पाठीशी त्यांचे घराणे होते. कुणाच्या अंगावर हात टाकला तर त्याची टोळी सूड घेईल, ही धास्ती मक्केत कायद्याचे काम करी. ज्याला टोळीच नाही, त्याला कायदाही नाही. बिलाल यांचा जाब विचारायला कुणी येणार नव्हते. अखेर अबूबकर यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले.

कुरैशच्या प्रतिष्ठितांची आणखी एक अडचण होती. प्रेषितांचे म्हणणे ऐकायला काहीजण तयार होते, पण शेजारी बिलाल यांच्यासारखी माणसे बसलेली त्यांना चालत नव्हती. या लोकांना आधी दूर करा, अशी त्यांची मागणी होती. मतभेद राहिला बाजूला, पंगतच आडवी आली! ती मागणी कुरआनने साफ नाकारली.

हिजरतीनंतर मदिनेत अजानची पद्धत ठरली. अजानचे शब्द स्वप्नात ऐकले ते अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी. पण आवाज बिलाल यांचा अधिक चांगला, म्हणून शब्द त्यांना शिकवून अजान त्यांनीच द्यावी, असे प्रेषितांनी सांगितले. निवडीची कसोटी एवढीच होती.

म्हणून मनेही लगेच बदलली असे नाही. हजरत अबूजर (रजि.) हे मोठे सहाबी. एकदा भांडणात त्यांनी एका सोबत्याला आईवरून हिणवले. तो सोबती म्हणजे बिलाल, असे परंपरा मानते. प्रेषितांनी अबूजर यांना तिथेच सुनावले की, अज्ञानकाळ त्यांच्यातून अजून गेलेला नाही. त्यानंतर अबूजर स्वतः जे वस्त्र नेसत, तसेच आपल्या गुलामालाही देऊ लागले. लग्नाचीही एक गोष्ट चरित्रकारांनी नोंदवली आहे. एका अरब घरातले भाऊ बहिणीसाठी स्थळ विचारायला प्रेषितांकडे आले, तेव्हा त्यांनी बिलाल यांचे नाव सुचवले. भाऊ परत गेले, पुन्हा आले. उत्तर तेच मिळाले. तिसऱ्या खेपेस लग्न ठरले. बिलाल यांचे गुणगान आपल्याकडे दर रमजानला होते आणि ईदनंतर सोयरिकी जुळवताना बिरादरीची चौकशीही होते, तेव्हा या तीन खेपा कुणाला आठवत नाहीत.

हिजरी सन 8 च्या रमजानमध्ये, म्हणजे इसवी सन 630 च्या जानेवारीत, मक्का जिंकली गेली. प्रेषित काबागृहात गेले तेव्हा किल्ली सांभाळणाऱ्या घराण्यातले उस्मान बिन तल्हा (रजि.) बरोबर होते. शिवाय बिलाल होते आणि मुक्त गुलामाचे पुत्र उसामा (रजि.) होते. मग बिलाल यांना काबागृहाच्या छतावर चढून अजान द्यायला सांगण्यात आले. ज्या शहराच्या वाळूवर त्यांना लोळवले होते, ते सारे शहर आता खाली उभे होते. उमय्या हे पाहायला नव्हता. तो सहा वर्षांपूर्वी बद्रच्या लढाईत मारला गेला होता, आणि तोही रमजानच होता. खाली कुजबुज झालीच. हे पाहायला आपले वडील उरले नाहीत हे बरे झाले, असे अत्ताब बिन असीद या तरुणाला वाटले. आणखी कुणी रंगावरून टोमणा मारला. पण कुणाला शिक्षा झाली नाही. उलट पुढे मक्केचा कारभार याच अत्ताबकडे सोपवण्यात आला.

हजरत उमर (रजि.) खलिफा असतानाचा एक प्रसंग आहे. त्यांच्या दाराशी कुरैशचे जुने सरदार ताटकळत बसले होते, आणि बिलाल व सुहैब (रजि.) यांना आधी आत बोलावले गेले. अबू सुफियान यांना ते झोंबले. तेव्हा सरदारांपैकीच सुहैल बिन अम्र यांनी दोष आपल्याच पदरात घेतला. हाक सर्वांना एकाच वेळी आली होती, ते धावले आणि आपण रेंगाळलो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

प्रेषितांच्या निधनानंतर बिलाल यांना अजान देववेना. ते शाम देशी, सीरियाकडे निघून गेले. उमर तिकडे आले तेव्हा त्यांच्या आग्रहाखातर बिलाल यांनी एकदा अजान दिली, आणि प्रेषितांना पाहिलेले सारे लोक ढसाढसा रडले. सन 640 च्या सुमारास त्यांचे निधन झाले. दमास्कसच्या बाब-उस-सगीर कब्रस्तानात त्यांची कबर आहे.