एडवर्ड मेनार्ड

एडवर्ड मेनार्ड (२६ एप्रिल, इ.स. १८१३ – ४ मे, इ.स. १८९१) हे अमेरिकन दंतवैद्य व शस्त्रसंशोधक होते. त्यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील मॅडिसन येथे झाला. इ.स. १८३१ मध्ये ते वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत दाखल झाले. परंतु प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना ते शिक्षण सोडावे लागले. पुढे त्यांनी वॉशिंग्टन येथे दंतवैद्यकीचा व्यवसाय केला.

दातांच्या मुळांतील नलिका अरुंद असतात व पुष्कळदा वाकड्याही असतात. दाढांमध्ये त्या बहुधा एकाहून अधिक असतात. आतील गर कुजलेला दात त्या काळी सहसा उपटला जाई. मेनार्ड यांनी इ.स. १८३८ मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगेला बारीक काटे पाडून एक हत्यार तयार केले. लवचीक असल्याने ते वाकड्या नलिकेतही शिरून गर बाहेर काढत असे. मूळनलिका-उपचाराच्या पहिल्या खास उपकरणाचे श्रेय त्यांना दिले जाते.

इ.स. १८४५ मध्ये त्यांनी बंदुकीसाठी स्फोटक टिकल्यांच्या फितीचे पेटंट घेतले. अमेरिकी लष्कराने इ.स. १८५५ च्या रायफलीत ती वापरली. मात्र ओलाव्याने निकामी होत असल्याने ती लवकरच मागे पडली. लवचीक उपकरणाने नलिकेच्या वळणामागून जाण्याचे त्यांचे तत्त्व दंतवैद्यकीत आजही टिकून आहे.