मालवणचे भांडारकर

मालवण म्हटले की सिंधुदुर्ग किल्ला आठवतो, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर याच गावचे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ६ जुलै १८३७ रोजी एका कारकुनाच्या घरी त्यांचा जन्म झाला. रत्नागिरीत शिकून ते मुंबईस गेले आणि १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत गणले गेले. संस्कृतचे अध्यापन करीत असतानाच त्यांनी जुन्या हस्तलिखितांचा शोध घेतला. दंतकथांवर न विसंबता शिलालेख, ताम्रपट व नाणी यांच्या साक्षीने त्यांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास सिद्ध केला.

हाच सत्याग्रही बाणा त्यांच्या आचरणातही होता. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या डॉक्टरांनी १८९१ मध्ये स्वतःच्या विधवा कन्येचा पुनर्विवाह लावून दिला आणि सनातन्यांचा रोष पत्करला.

१९१७ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेस दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते निवर्तले. जानेवारी २००४ मध्ये याच वास्तूवर जमाव चालून गेला आणि ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्याने आयुष्यभर पुरावे जपले, त्याच्याच नावाच्या मंदिरात पुराव्यांवर घाला पडावा, ही खंत आजही सरत नाही.