औषधांच्या दुकानातला नाटककार

जुनं औषधांचं दुकान पाडताना दिसलं की मला हटकून हेन्रिक इब्सेन आठवतो. त्याच्याच नाटकावरून अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ लिहिलं. इब्सेन १८२८ साली नॉर्वेत जन्मला. वडिलांचा व्यापार बुडाला आणि १८४४ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, तो ग्रिमस्टाड गावी औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला लागला. पुढे दुकान दुसऱ्या घरात हललं. दिवसा औषधं बनवायची, रात्री जागून लिहायचं, असं करत त्याने तिथं ‘कॅटिलिना’ हे पहिलं नाटक पुरं केलं. १८५० मध्ये त्याने गाव सोडलं. १९०६ मध्ये तो वारला. गावाने मात्र ते घर जपलं. १९१६ पासून तिथं संग्रहालय आहे. आपल्या पेठेतल्या जुन्या दुकानात कोण राबलं होतं, हे पाडण्याआधी आपण निदान विचारतो का?