विश्लेषण : लोखंडी नांगर ते ‘एआय’... लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य आज काय सांगते?

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा साताऱ्यातून सांगली जिल्ह्यात उतरते, तशी काठाने उसाची शेती दाट होत जाते. उसाला पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे, हे आता ‘एआय’ सांगू लागले आहे. बारामतीत त्याचे प्रयोग झाले आणि जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५०० कोटी रुपयांच्या ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला मंजुरी दिली. यंत्रावर शेत सोपवावे का, हा प्रश्न मात्र कृष्णाकाठाला नवा नाही.

लक्ष्मणराव कोण होते?

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे रंगांधत्व लक्षात आले आणि रंग सुटले; यांत्रिक आरेखन मात्र उत्तम जमले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला जागा मिळाली. त्यांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठले आणि थोरले बंधू रामूअण्णांसोबत सायकलचे दुकान चालवले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला.

नांगर का खपेना?

लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांच्या जिद्दीची गोष्ट म्हणून हे नेहमी सांगितले जाते आणि शेतकरी त्यात अडाणी ठरतो. पण नकारामागे हिशेबही असणारच. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर घडवून द्यायचा आणि मोडला तर तिथल्या तिथे दुरुस्तही व्हायचा. लोखंडी नांगराला रोकड लागणार आणि सुट्या भागासाठी कारखान्याकडे पाहावे लागणार. त्या सुताराच्या कामाचे पुढे काय झाले, याचा उल्लेख उद्योगाच्या गौरवकथांत क्वचितच येतो.

किर्लोस्करवाडीत काय वेगळे घडले?

बेळगावातील जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जागा म्हणजे निवडुंगाचे, सापांचे माळरान. १० मार्च १९१० रोजी तिथे कारखाना सुरू झाला. देशातील सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक.

माणसे निवडताना लक्ष्मणराव प्रमाणपत्र पाहत नसत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक अभियंते ठरले. शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले गेले. वसाहतीत अस्पृश्यतेला बंदी होती.

मग ‘एआय’ आणि नांगर सारखेच?

नाही. नांगर लोखंडाचा झाला, तरी रुमण्यावरचा हात शेतकऱ्याचाच राहिला. मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही हे तोच ठरवत असे. यंत्राने श्रम घेतले, अंदाज घेतला नाही. आता जमिनीत खुपसलेला सेन्सर ओल मोजतो, उपग्रह पीक पाहतो आणि पाणी सोडण्याचा सल्ला मोबाइलवर येतो. म्हणजे या वेळी हस्तांतर होते आहे ते वाफसा ओळखण्याचे. नांगर पारखायला एक नांगरट पुरे. सल्ल्यामागचा हिशेब बांधावरून दिसत नाही. तो चुकला तर नुकसान कोणाचे, हे विचारणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीसारखे अडाणी ठरवून चालणार नाही.

नांगरानंतर चरक आले, पंप आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. किर्लोस्करवाडीत पंप आजही बनतात.