आचार्य जे. बी. एस्. हॉल्डेन

एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच व्याधी दिसू लागली, की लोक तिला कुळाचा भोग म्हणून स्वस्थ बसतात. परंतु ह्या भोगालाही नियम आहेत आणि ते गणिताने शोधून काढता येतात, हे ज्या थोड्या विद्वानांनी जगास दाखवून दिले, त्यांत आचार्य जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन ह्यांचे नाव अग्रभागी आहे. जन्माने इंग्रज असूनही त्यांनी आपल्या आयुष्याची अखेर भारतीय नागरिक म्हणून केली. सबब त्यांचे चरित्र आपणांस परके वाटण्याचे कारण नाही.

हॉल्डेन ह्यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1892 रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. त्यांचे वडील श्वसनक्रियेचे नामांकित संशोधक होते. खाणीतील विषारी वायूंची परीक्षा करण्यास ते मुलालाही बरोबर नेत व स्वतःच्या देहावर प्रयोग करून पाहत. हा गुण मुलाने पुरेपूर उचलला. पुढे पाणबुड्यांच्या रक्षणासाठी हवेच्या दाबाचे प्रयोग करताना त्यांनी पाठीच्या मणक्यास इजा करून घेतली, पण जोखीम दुसऱ्यावर ढकलली नाही.

आठनऊ वर्षांचे असता वडिलांनी त्यांस मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांवरील एका व्याख्यानास नेले. तेथे पडलेली ठिणगी विझली नाही. बहीण नेओमी हिच्यासह त्यांनी घरीच गिनीपिग पाळून त्यांच्या वंशावळी लिहून काढल्या. पदवी मात्र त्यांनी गणित व प्राचीन वाङ्मय ह्या विषयांत घेतली. शास्त्राची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांस विश्रांतीसाठी हिंदुस्थानात पाठविण्यात आले. ह्या देशाविषयीची ओढ त्या वेळेपासूनची होय.

केंब्रिज येथे काही वर्षे अध्यापन केल्यावर 1933 साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. त्यांच्या ज्या कार्याकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, ते येथेच घडले. हिमोफिलिया हा एक आनुवंशिक रोग आहे. त्यात जखमेचे रक्त लवकर थांबत नाही. दुसरा दोष रंगांधत्वाचा. त्यात तांबड्याहिरव्याचा भेद कळत नाही. दोन्ही दोष बहुधा मातेकडून मुलग्यांस येतात, कारण दोहोंची बीजे एकाच गुणसूत्रावर असतात. मग ती बीजे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत? जवळ असतील तर ती पिढ्यान्‌पिढ्या सहसा जोडीनेच उतरतील. दूर असतील तर वेगळी होतील.

प्रश्न सोपा, उत्तर कठीण. एका घरात मुलगे ते किती? तीन किंवा चार. दोन कवड्या तीन वेळा सारख्या पडल्या म्हणून त्या एकमेकींस बांधलेल्या आहेत, असे कोणी म्हणत नाही. तेव्हा दोन्ही दोष असलेली अनेक घराणी धुंडाळून त्यांची साक्ष एकत्र करणे प्राप्त होते. पण सर्व मुलांची एकच रास घालून मोजावी, तर त्यातही फसगत होती. काही घरांत दोन्ही बीजे आईच्या एकाच गुणसूत्रावर असत, तर काहींत एक ह्यावर व दुसरे त्यावर. अशांची बेरीज केली म्हणजे एका घराचा पुरावा दुसऱ्याचा पुरावा खोडून काढी.

ह्यास्तव प्रत्येक घराण्याचा विचार स्वतंत्रपणे करावयाचा. बीजे जवळ मानली असता ह्या घरात दिसते ते घडण्याचा संभव, ती दूर मानली असता असलेल्या संभवाच्या किती पट, हे काढावयाचे. एक घर 10 पट साक्ष देते, दुसरे 20 पट, तिसरे 5 पट; गुणाकार केला म्हणजे 1000 पट. घातांकांचे कोष्टक वापरले तर गुणाकाराची बेरीज होते आणि ही संख्या 3 येते. विरुद्ध साक्ष देणाऱ्या घराचा आकडा ऋण येतो. तोही हिशेबात धरावयाचा, लपवावयाचा नाही. 1937 साली ज्युलिया बेल ह्यांच्यासह आणि 1947 साली सेड्रिक स्मिथ ह्यांच्यासह हॉल्डेन ह्यांनी अशा वंशावळी एकत्र करून ही बीजे जवळजवळ असल्याचे दाखविले. पुढे 1955 साली न्यूटन मॉर्टन ह्यांनी 3 हीच संख्या पुरेशा पुराव्याची खूण म्हणून ठरविली.

ह्या कथेस एक पुरवणी आहे. हिमोफिलिया एक नसून दोन निरनिराळे रोग आहेत, असे 1952 च्या सुमारास उघड झाले. एकाचे बीज रंगांधत्वाच्या बीजाजवळ असते, दुसऱ्याचे बरेच दूर. म्हणजे साक्षी एकत्र करण्यापूर्वी त्या एकाच गोष्टीविषयी आहेत ना, हेही तपासले पाहिजे. आज निरनिराळ्या देशांतील लक्षावधी लोकांच्या तपासण्या जोडून मधुमेहासारख्या रोगांची बीजे शोधतात, तेव्हाही हीच दक्षता बाळगावी लागते.

ज्या प्रदेशांत हिवतापाचा जोर असतो, तेथे रक्ताचे काही आनुवंशिक दोष टिकून राहतात, कारण तो अंश अल्प असता हिवतापापासून बचाव होतो, असा तर्क हॉल्डेन ह्यांनी 1949 साली मांडला. सिकलसेल ह्या रोगाविषयी तो 1954 साली आफ्रिकेत अँथनी ॲलिसन ह्यांनी खरा करून दाखविला. हाच रोग आपल्या विदर्भात आदिवासी व इतर अनेक समाजांत आढळतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर दर अपत्यास रोग होण्याचा संभव शेकडा 25 असतो. ह्यात कोणाचा शाप नाही व कोणाचे पापही नाही. विवाहापूर्वी रक्ताची तपासणी करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

1957 साली हॉल्डेन पत्नी हेलन स्पर्वे ह्यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्यांनी भारतीय वेष व शाकाहार स्वीकारला आणि 1961 साली ते भारताचे नागरिक झाले. पुढे भुवनेश्वर येथे कार्य करीत असता 1 डिसेंबर 1964 रोजी कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासार्थ देण्यात आला.

विद्यार्थ्यांनो, एका उदाहरणावरून निर्णय न करणे, प्रतिकूल पुरावा न दडविणे आणि आपले ज्ञान दुसऱ्याच्या दुःखनिवारणास लावणे, ह्या तीन गोष्टी ह्या चरित्रापासून शिकण्याजोग्या आहेत. त्यांस मोठी प्रयोगशाळा लागत नाही. सरळ मन आणि थोडे गणित पुरते.